विरोध नोंदवायचा, पण कोणत्या शब्दात?

इंग्रजीतील ‘ऑपोज’ हे क्रियापद आणि त्याच्या पोटातून निघालेले ‘ऑपोझिट’, ‘ऑपोनंट’, ‘ऑपोझिशन’ हे शब्द शाळेच्या पुस्तकापासून दूरचित्रवाणीवरील चर्चेपर्यंत सर्वत्र वावरत असतात आणि त्यांचे मराठी करण्याची वेळ आली, की बहुतेकांच्या लेखणीतून ‘विरोध’ हा एकच शब्द उतरतो. कोशाच्या दृष्टीने त्यात चूक काही नाही. पण मराठी माणसाचा प्रत्यक्ष व्यवहार त्या एका शब्दावर कधीच भागलेला नाही. सरकारी जाहीर सूचनेत ‘हरकत’ मागवली जाते, मोर्चाच्या फलकावर ‘निषेध’ लिहिला जातो, बोंडअळीबद्दल बोलताना शेतकरी ‘प्रतिकारशक्ती’ हा शब्द वापरतो, न्यायालयाच्या निकालाला ‘आव्हान’ दिले जाते आणि मंगळ सूर्याच्या बरोबर समोर आला, की खगोल अभ्यासक त्याला ‘प्रतियुती’ म्हणतात. हे शब्द एकमेकांच्या जागी बसत नाहीत, कारण त्यातील प्रत्येकाला स्वतःची वेळ आहे, स्वतःचे ठिकाण आहे आणि पुष्कळदा कायद्याने ठरवून दिलेला परिणामही आहे.

हा भेद पाहण्यासाठी यवतमाळ जिल्ह्यातील ढाणकी आणि तिचा परिसर सोयीचा आहे. उमरखेड तालुक्यातील या गावात ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली आहे. दक्षिणेला पैनगंगा आहे, नदीपलीकडे नांदेड जिल्हा, म्हणजे मराठवाडा, सुरू होतो आणि दुसऱ्या अंगाला पैनगंगा अभयारण्याचे जंगल आहे, ज्या पट्ट्याला तालुक्यात सर्वजण ‘बंदी भाग’ म्हणूनच ओळखतात. येथील बोलण्यात वऱ्हाडी आणि मराठवाडी वळणे एकमेकांत मिसळतात, बंजारा तांड्यांवर गोरबोली ऐकू येते आणि बाजारात दखनी उर्दूही चालते. वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेले, नदीपलीकडचा मुलूख मात्र सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्याच राज्यात राहिला, आणि फारसी-अरबी वळणाची महसुली भाषा दोन्ही काठांवर रुजली. त्यामुळे विरोधासाठी संस्कृतातून आलेले शब्द, दरबारातून आलेले शब्द आणि शेताच्या बांधावरचे शब्द असे तीन थर येथील भाषेत एकाच वेळी नांदताना दिसतात.

इंग्रजी शब्दांचे मूळ पाहिले, तर त्यांच्यातही असाच कामाचा वाटा ठरलेला दिसतो. ‘ऑपोज’च्या मुळाशी लॅटिनमधील ‘समोर ठेवणे’ हा अर्थ आहे, म्हणजे एखादी वस्तू दुसऱ्या वस्तूच्या समोर मांडली एवढेच. त्यात राग, वैर किंवा लढाई मुळात नाही. ‘ऑब्जेक्ट’ या क्रियापदाच्या मुळाशी वाटेत काही फेकणे आहे, ‘रेझिस्ट’च्या मुळाशी पाय रोवून उभे राहणे आहे, ‘डिसेंट’मध्ये वेगळे वाटणे आहे, तर ‘प्रोटेस्ट’मध्ये चारचौघांत साक्ष देणे आहे. ‘व्हेटो’ हे तर लॅटिनमधील आख्खे वाक्यच असून त्याचा अर्थ ‘मी मनाई करतो’ असा होतो; प्राचीन रोममध्ये सामान्य नागरिकांच्या बाजूने निवडलेले अधिकारी या अधिकाराने एखादा निर्णय जागच्या जागी थांबवू शकत असत आणि मराठीत त्याला ‘नकाराधिकार’ असा नेमका प्रतिशब्द रूढ झाला आहे.

मराठीतील ‘विरोध’ हा संस्कृत ‘रुध्’ या धातूपासून आलेला असून त्या धातूचा अर्थ अडवणे, रोखणे, कोंडणे असा आहे. म्हणजे इंग्रजी शब्द समोर ठेवण्यापाशी थांबतो, तर मराठी शब्द वाट अडवतो, आणि ‘तो विरोधात आहे’ असे ऐकल्यावर मराठी कानाला वैराची चाहूल थोडी लवकर लागते, त्याचे एक कारण कदाचित हेही असेल. या धातूचा गोतावळा मोठा मजेदार आहे. ‘अवरोध’ म्हणजे शरीरातील किंवा वाटेतील अडथळा, ज्यावरून वैद्यकात मलावरोध आणि मूत्रावरोध हे शब्द आले; ‘निरोध’ म्हणजे आवरून धरणे, जो योगशास्त्रात चित्तवृत्तींना लावला जातो आणि कुटुंबनियोजनाच्या काळात सरकारी साधनाचे नाव झाल्याने एरवीच्या बोलण्यातून जवळजवळ हद्दपार झाला; ‘प्रतिरोध’ म्हणजे उलट दिशेने अडवणे. ‘उपरोध’ मराठीत खोचक बोलण्याला म्हणतात, आणि सभ्य भाषेत विरोध करण्याचे ते मराठी माणसाचे फार आवडते साधन आहे. ‘अनुरोध’ मात्र अगदी पलीकडच्या टोकाला जाऊन बसला: मराठीत ‘अमुक पत्राच्या अनुरोधाने’ म्हणजे त्या पत्राला धरून, त्याच्या अनुषंगाने, आणि हिंदीत तर त्याचा अर्थ विनंती. पदार्थविज्ञानाच्या पुस्तकातही हाच धातू भेटतो, जेथे तारेतून जाणाऱ्या विजेला होणाऱ्या अडथळ्याला ‘रोध’ म्हणतात आणि तो ओहम या एककात मोजतात.

दरबारी थरातील सर्वांत टिकाऊ शब्द ‘हरकत’ होय. अरबीत त्याचा अर्थ नुसती हालचाल असा आहे, हिंदी-उर्दूत तो खोडी किंवा कृती या अर्थाने चालतो, मराठीत मात्र हालचालीपासून ढवळाढवळ, ढवळाढवळीपासून अडथळा आणि अडथळ्यापासून आक्षेप असा त्याचा प्रवास झालेला दिसतो. गायक मात्र मूळ अर्थाशी इमान राखून आहेत, कारण स्वराच्या छोट्या, चपळ फिरतीला ते आजही हरकतच म्हणतात. ‘तक्रार’ची गोष्टही अशीच आहे, अरबीत ती पुनरुक्ती, म्हणजे तेच तेच पुन्हा सांगणे, आणि कचेरीत एकच अर्ज वारंवार देणाऱ्या मराठी अर्जदाराला हा मूळ अर्थ समजावून सांगण्याची गरज पडू नये. ‘काही हरकत नाही’ हे वाक्य रोज शेकडो तोंडी असते, ‘ना हरकत प्रमाणपत्र’ घर बांधण्यापासून गॅसजोडणीपर्यंत आडवे येते, आणि या दोन्ही ठिकाणी विरोध नसल्याचेच कळवायचे असते, हा मराठीचा खास डौल आहे.

बांधावरच्या थरात संस्कृत किंवा अरबी काहीच लागत नाही. चालत्या कामाला कोणी आडकाठी करतो, कोणी मोडता घालतो, कोणी खोडा घालतो, तर कोणी पाचर मारून ठेवतो. खोडा म्हणजे कैद्याचा पाय ज्यात अडकवत ती लाकडी चौकट, आणि पाचर म्हणजे लाकूड फोडताना फटीत ठोकलेली चीप. म्हणून खोडा घातलेले काम जागचे हलत नाही, तर पाचर मारलेल्या कामात आधी माणसे फुटतात. आखाड्यातून आलेले ‘दंड थोपटणे’ आणि ‘शड्डू ठोकणे’ हे वाक्प्रचार उघड आव्हानाचे आहेत आणि निवडणुकीच्या दिवसांत वृत्तपत्रांचे त्यांच्यावाचून पान हलत नाही. ‘आव्हान’ आणि ‘आवाहन’ यांची गल्लत मात्र छापील मजकुरातही सर्रास आढळते, आणि एका अक्षराच्या फरकाने नम्र विनंतीची लढाईची ललकारी होऊन बसते.

विरोधाचे हे वेगवेगळे प्रकार एका माणसाच्या आयुष्यात पाहायचे असतील, तर यवतमाळ जिल्ह्यातीलच वणीचे लोकनायक माधव श्रीहरी अणे यांच्याकडे पाहावे. २९ ऑगस्ट १८८० रोजी जन्मलेले अणे टिळकांच्या परंपरेतील होते आणि टिळकांनी आयुष्याच्या अखेरीस जी ‘प्रतियोगी सहकारिता’ मांडली, म्हणजे सरकार जितके सहकार्य करील तितकेच त्याच्याशी करावे आणि जेथे अडवील तेथे त्याला अडवावे असे धोरण, ते त्यांना मानवणारे होते. या विचाराच्या मंडळींनी १९२६ मध्ये अकोल्यात वेगळा पक्ष उभा केला, त्यात मुकुंदराव जयकर, न. चिं. केळकर आणि डॉ. मुंजे यांच्याबरोबर अणेही होते. येथील ‘प्रति’ हा उपसर्ग विरोध आणि प्रतिसाद या दोन्ही अर्थांनी एकाच वेळी काम करतो आणि म्हणूनच त्या धोरणाला विरोध म्हणावे की सहकार्य, याचा वाद त्या काळीही मिटला नाही.

१९३० साली सविनय कायदेभंग सुरू झाला, तेव्हा समुद्रापासून दूर असलेल्या वऱ्हाडापुढे मिठाचा कायदा कोठे मोडायचा, असा प्रश्न होता. अकोल्याजवळच्या दहीहांड्याला खाऱ्या पाण्याच्या विहिरी असल्यामुळे तेथे मीठ तयार करता आले, पण सगळीकडे ते शक्य नव्हते. वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला रोज जाचणारा कायदा मिठाचा नव्हता, जंगलाचा होता. राखीव जंगलातील गवत, सरपण आणि चराई यांवर परवाने, फी आणि दंड होते, आणि आजोबांच्या काळापासून जेथे गुरे चरली, तेथे पाऊल टाकणे गुन्हा ठरत होते. १० जुलै १९३० रोजी अणे यांनी पुसदला राखीव जंगलातील गवत कापून हा कायदा मोडला, अटक करवून घेतली आणि सहा महिन्यांची शिक्षा भोगली. त्या काळी उमरखेडचा भाग पुसद तालुक्यातच मोडत होता, म्हणजे ढाणकीच्या लोकांच्या दृष्टीने ही त्यांच्याच तालुक्यातील घटना होती. २१ जुलैला यवतमाळजवळील लोहारा येथे डॉ. केशव बळिराम हेडगेवार यांनीही जंगल सत्याग्रह केला, आणि पुढे सप्टेंबरमध्ये रायगड जिल्ह्यातील चिरनेर येथे अशाच सत्याग्रहावर गोळीबार होऊन माणसे मारली गेली.

या कृतीला कोणता शब्द लावायचा? ती हरकत नव्हती, कारण हरकतीची मुदत केव्हाच टळून गेली होती. वनकायद्याची रचनाच अशी आहे, की सरकार एखादे जंगल राखीव करण्याचा इरादा जाहीर करते, त्यानंतर हक्क सांगण्यासाठी मुदत दिली जाते, आणि १९२७च्या भारतीय वन अधिनियमाप्रमाणे ती तीन महिन्यांहून कमी नसली, तरी त्या मुदतीत ज्याने दावा मांडला नाही, त्याचा हक्क सामान्यतः संपतो. जाहीरनामा वाचता न येणाऱ्या गुराख्याचा हक्क असा कागदावरच संपला. ती नुसता निषेधही नव्हती, कारण निषेधात शब्द असतात आणि येथे हातात विळा होता. तो प्रतिकार होता: अन्याय्य वाटणारा कायदा उघडपणे, आगाऊ सांगून मोडायचा आणि त्याची शिक्षा स्वतःवर घ्यायची.

याच प्रतिकाराच्या नावावरून दक्षिण आफ्रिकेत महात्मा गांधी अडले होते. तेथील लढ्याला इंग्रजीत ‘पॅसिव्ह रेझिस्टन्स’, म्हणजे निःशस्त्र प्रतिकार, म्हटले जात असे आणि ते दुबळ्यांचे हत्यार वाटते, म्हणून गांधींनी ‘इंडियन ओपिनियन’ या साप्ताहिकातून वाचकांकडून नवे नाव मागवले. मगनलाल गांधी यांनी ‘सदाग्रह’ सुचवले, गांधींनी त्यात बदल करून ‘सत्याग्रह’ केले, आणि या नव्या नावात विरोध, प्रतिकार किंवा नकार यांपैकी एकही शब्द शिल्लक राहिला नाही. विसाव्या शतकातील सर्वांत परिणामकारक विरोधाचे नाव अशा रीतीने आग्रहावर उभे राहिले. महाराष्ट्रात १९२१ मध्ये मुळशीच्या धरणाविरुद्ध सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली लढा झाला, १९२७ मध्ये महाडच्या तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाण्याचा हक्क बजावला, आणि या दोन्ही लढ्यांनी स्वतःला सत्याग्रहच म्हणवून घेतले.

अणे यांच्या पुढील आयुष्यात विरोधाचे आणखी दोन प्रकार दिसतात. ब्रिटिश सरकारच्या जातीय निवाड्याबाबत काँग्रेसने १९३४ मध्ये ना स्वीकार ना नकार अशी भूमिका घेतली, ती मान्य नसल्याने अणे पंडित मदनमोहन मालवीय यांच्याबरोबर बाहेर पडले आणि त्यांनी काँग्रेस नॅशनॅलिस्ट पक्ष काढला. याला मतभेद म्हणतात, कारण येथे समोरचा माणूस शत्रू नसून कालपर्यंतचा सोबती असतो. नंतर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात सदस्य असताना, फेब्रुवारी १९४३ मध्ये गांधींच्या उपोषणाच्या वेळी सरकारने त्यांची सुटका करण्याचे नाकारले, तेव्हा अणे, होमी मोदी आणि नलिनीरंजन सरकार या तिघांनी राजीनामे दिले. घोषणा नाही, मोर्चा नाही, केवळ खुर्ची रिकामी करणे, हाही विरोधच. आणि ज्याच्याकडे खुर्ची आहे त्यालाच तो करता येत असल्याने तो फारसा आढळत नाही.

‘प्रतिकार’ हा शब्द आज ढाणकीच्या परिसरात सर्वाधिक ऐकू येत असेल, तर तो राजकारणात नव्हे, कापसाच्या शेतात. बोंडअळीला मारणारे विष झाडातच तयार करणारे बीटी कापसाचे बियाणे भारतात २००२ मध्ये आले, दोन जनुकांचे सुधारित वाण २००६ मध्ये आले, आणि २०१७च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने विदर्भाची बोंडे पोखरली, तेव्हा अळीत प्रतिकारशक्ती निर्माण झाल्याचे साऱ्यांना कळून चुकले. हे कसे घडते, ते समजून घेण्यासारखे आहे. कोट्यवधी अळ्यांत एखादी अशी असते, जिच्यावर विषाचा परिणाम होत नाही. बाकीच्या मेल्या, की तीच उरते आणि तिच्याच पुढच्या पिढ्या वाढतात. ते टाळण्यासाठी ४५० ग्रॅमच्या बीटी बियाण्याच्या पाकिटासोबत बीटी नसलेल्या बियाण्याची १२० ग्रॅमची वेगळी पिशवी दिली जात असे आणि ती शेताच्या कडेने पेरायची होती, जेणेकरून तेथे साध्या अळ्या जगतील, त्यांच्या पतंगांचा संकर प्रतिकारक अळ्यांच्या पतंगांशी होईल आणि प्रतिकाराचा गुण पातळ राहील. कडेच्या ओळी अळीला खाऊ घालण्यासाठी पेरायच्या, हे अनेकांच्या गळी उतरले नाही, अनेकांना ते कोणी नीट समजावूनही सांगितले नाही, आणि ती पिशवी पुष्कळ ठिकाणी पेरलीच गेली नाही. येथील प्रतिकारात कोणाचीही इच्छा किंवा भूमिका नाही. तो केवळ टिकून राहण्याचा परिणाम आहे, आणि ‘विरोध’ हा शब्द म्हणूनच अळीला कधीही लावला जात नाही.

‘बहिष्कार’ या शब्दाची दोन तोंडे आहेत. १८८० साली आयर्लंडमधील मेयो परगण्यात चार्ल्स बॉयकॉट नावाच्या जमीन व्यवस्थापकाशी कुळांनी सारे व्यवहार तोडले आणि त्याचे आडनावच इंग्रजीत क्रियापद झाले. टिळकांच्या चतुःसूत्रीतील बहिष्कार हा त्याच जातीचा, म्हणजे दुबळ्यांनी बलवानाविरुद्ध वापरायचा. परंतु मराठी गावाला त्याआधीपासून दुसरा बहिष्कार माहीत होता, जो बलवान दुबळ्यावर टाकतो आणि ज्याला साध्या बोलीत वाळीत टाकणे म्हणतात. आंबेडकरांनी १९२४ मध्ये स्थापलेल्या सभेचे नाव ‘बहिष्कृत हितकारिणी’ आणि १९२७ मध्ये सुरू केलेल्या पाक्षिकाचे नाव ‘बहिष्कृत भारत’ ठेवले, ते या दुसऱ्या अर्थाने. महाराष्ट्राने जात पंचायतींच्या अशा मनमानीविरुद्ध केलेला सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा २०१६चा असून तो जुलै २०१७ मध्ये अमलात आला आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशा शिक्षा आहेत. एखादे गाव रस्त्यासाठी मतदानावर बहिष्कार टाकते ते पहिल्या प्रकारात मोडते आणि त्याला हा कायदा लागत नाही, हे वेगळे सांगायला नको. त्या बहिष्काराने रस्ता किती वेळा झाला, हा प्रश्न निराळा.

‘निषेध’ या शब्दाने मात्र मराठीत आल्यावर आपली वेळ बदलली. संस्कृत मीमांसेत विधी आणि निषेध ही जोडी आहे, म्हणजे ‘हे कर’ आणि ‘हे करू नको’. निषेध हा कृत्याच्या आधी येतो. हिंदीने तोच अर्थ राखला आणि रेल्वेच्या डब्यात ‘धूम्रपान निषेध’ लिहिले. मराठीने त्या जागी ‘मनाई’ आणि ‘बंदी’ हे शब्द बसवले आणि निषेध कृत्य घडून गेल्यानंतर व्यक्त करण्यासाठी ठेवला. त्यामुळे मराठीत निषेधाने काही थांबत नाही, घडलेल्याची नापसंती तेवढी नोंदली जाते, आणि ‘तीव्र निषेध’, ‘जाहीर निषेध’ अशी विशेषणे त्याला लावावी लागतात, ती या अशक्तपणामुळेच. दारूच्या बाबतीत हा फरक ढळढळीत दिसतो. दुकानासमोर धरणे धरणे हा निषेध आहे; पण महाराष्ट्राच्या नियमांत गावातील किंवा प्रभागातील महिला मतदारांना त्याहून धारदार साधन दिलेले आहे. एकूण महिला मतदारांपैकी २५ टक्के जणींनी मागणी केली, की गुप्त मतदान घेतले जाते, त्या मतपत्रिकेवर एक उभी आणि एक आडवी अशा दोन बाटल्यांची चित्रे असतात, आणि एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला, तर दुकान बंद करावे लागते. अट मतदान करणाऱ्यांच्या निम्म्याची नसून यादीतील सर्व महिलांच्या निम्म्याची असल्यामुळे घरी बसलेली प्रत्येक बाई आपोआप उभ्या बाटलीच्या बाजूने मोजली जाते.

संसदीय ‘ऑपोझिशन’चा उगम विलायतेतला आहे. जॉन कॅम हॉबहाउस यांनी १८२६ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटात ‘राजाचा विरोधी पक्ष’ असा शब्दप्रयोग काहीसा थट्टेने केला आणि तो पक्का होऊन बसला, कारण त्यात एक मोठा विचार होता: सरकारला विरोध करणारा राज्याशी द्रोह करत नाही. भारतात लोकसभेत मान्यताप्राप्त विरोधी पक्षनेता पहिल्यांदा १९६९ मध्ये, राम सुभग सिंग यांच्या रूपाने झाला. संसदेतील विरोधी पक्षनेत्याच्या वेतनाचा कायदा १९७७चा आणि महाराष्ट्र विधानमंडळाचा १९७८चा, म्हणजे विरोध करण्यासाठी राज्याच्या तिजोरीतून पगार देण्याची ही व्यवस्था आहे. नोव्हेंबर २०२४च्या निवडणुकीत २८८ जागांच्या विधानसभेत विरोधातील कोणत्याही एका पक्षाला एकदशांश, म्हणजे २९ जागा मिळाल्या नाहीत. सर्वांत मोठ्या विरोधी पक्षाकडे २० होत्या, आणि त्या पदाचा प्रश्न अडकून पडला.

गंमत अशी, की सत्तेसाठी एकत्र येणाऱ्या पक्षांना मराठीने जो ‘युती’ हा शब्द दिला, तो आकाशातला आहे. दोन ग्रह आकाशात जवळ दिसले की युती, आणि एखादा ग्रह पृथ्वीवरून पाहता सूर्याच्या बरोबर विरुद्ध दिशेला आला की प्रतियुती. प्रतियुतीतला ग्रह सूर्य मावळताना उगवतो, रात्रभर दिसतो आणि वर्षातील सर्वांत ठळक असतो. मंगळाची प्रतियुती सुमारे २६ महिन्यांनी येते, चंद्राची मात्र दर महिन्याला, आणि तिला पौर्णिमा म्हणतात. येथील ‘ऑपोझिशन’ला ‘विरोध’ म्हणता येत नाही, कारण चंद्राने सूर्याची वाट कोठेही अडवलेली नसते. तो नुसता समोर उभा असतो, म्हणजे लॅटिनमधला मूळ अर्थ शुद्ध स्वरूपात उरला आहे तो आकाशातच.

तर्कशास्त्रातील एक भेद मात्र सार्वजनिक चर्चेत रोज पायदळी तुडवला जातो, म्हणून तो नोंदवणे अवश्य आहे. ‘तालुक्यातील सगळे शेतकरी कर्जात आहेत’ आणि ‘तालुक्यातील एकही शेतकरी कर्जात नाही’ ही विधाने परस्परविरुद्ध आहेत, पण ती दोन्ही एकाच वेळी खोटी असू शकतात, आणि बहुधा असतातच. ‘सगळे कर्जात आहेत’ आणि ‘काही जण कर्जात नाहीत’ या जोडीत मात्र एक खरे असलेच पाहिजे आणि दुसरे खोटे असलेच पाहिजे. पहिल्या जोडीला विपरीत आणि दुसरीला व्याघाती म्हणतात, आणि ॲरिस्टॉटलपासून हा भेद चालत आलेला आहे. एखाद्याचे ‘सगळे’ खोडायला एक उदाहरण पुरते. त्यासाठी ‘एकही नाही’ असे म्हणण्याची गरज नसते. ग्रामसभेतले निम्मे वाद, दोन्ही बाजू विपरीत विधाने करून दोन्हीही खोट्या ठरल्यामुळे रात्रीपर्यंत लांबतात.

या सर्व शब्दांत सामान्य माणसाच्या सर्वांत उपयोगाचा शब्द कोणता, असे विचारले, तर उत्तर ‘हरकत’ हेच द्यावे लागेल, कारण निर्णय होण्याच्या आधी उच्चारायचा आणि ऐकून घेणे समोरच्याला बंधनकारक असलेला तो एकमेव शब्द आहे. निम्न पैनगंगा धरणाला आर्णी, घाटंजी, माहूर आणि किनवट या भागांतील गावांनी दीर्घकाळ विरोध केला आहे, तेथेही मोर्चाच्या बरोबरीने हा कागदी शब्द महत्त्वाचा ठरतो. २०१३च्या भूसंपादन कायद्यात प्राथमिक अधिसूचनेनंतर हरकतीसाठी ६० दिवस आहेत, १८९४च्या जुन्या कायद्यात ते ३० होते. नगरपंचायतीच्या प्रभागरचनेवर, मतदारयादीतील नावावर, नव्या परवान्यावर अशाच मुदती असतात आणि त्या बहुतेकदा कोणाच्या लक्षात न येता सरून जातात.

घरोघरी संबंध येतो तो सातबाऱ्यावरील फेरफाराचा. जमिनीचा व्यवहार, वाटणी किंवा वारस यांची नोंद तलाठी गाव नमुना ६ मध्ये करतो, हितसंबंधितांना नमुना ९ची नोटीस जाते आणि नोंदीची प्रत चावडीवर लागते. तेथून १५ दिवसांत कोणी हरकत घेतली, तर ती नमुना ६-अ या विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत चढते आणि सुनावणी झाल्याशिवाय नोंद कायम होत नाही. कोणीच काही म्हटले नाही, तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. त्यानंतर उपविभागीय अधिकाऱ्याकडे ६० दिवसांत अपील करता येते, पण तोवर नाव चढलेले असते आणि ते उतरवून घेण्याचा भार अपील करणाऱ्यावर येतो. बहिणीचे नाव वगळून वाटणी झालेली असते, बांधाच्या शेजाऱ्याचे क्षेत्र वाढलेले असते, आणि नोटिशीच्या त्या १५ दिवसांत घरातले लोक ओट्यावर बसून नुसते ‘आमचा विरोध आहे’ असे म्हणत राहिलेले असतात. तोंडी विरोधाला महसुली दप्तरात रकाना नाही. ज्यांच्या घरी अशी नोटीस येईल किंवा चावडीवर आपल्या गटाचा क्रमांक दिसेल, त्यांनी हरकत लेखी द्यावी, तिच्यावर तारीख घालावी आणि तलाठ्याकडून तिची पोच जागेवरच मागून घ्यावी. ती देणे महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५० प्रमाणे त्याचे कर्तव्य आहे.